उणे बावीस

तुर्कूत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
घरातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच तबकड्या निष्पाप दिसतात,
म्हणून मी माझा दिवा सोबत नेतो.

तिसरा मजला, लिफ्ट नाही.
ओउती लेहतोविर्ता दारात उभी, पायमोज्यांत.
म्हणाली, बाबांच्या अकराशे चाळीस आहेत, मी मोजल्यात.
मी म्हणालो, मोजून भाव ठरत नाही.
ठरतो. मनात मी फुटाला किती ते मांडलंच होतं:
चार कपाटं, तीन जिने, माझी कंबर.

आधी वास.
ओल धरलेला पुठ्ठा कपाट उघडायच्या आधीच बोलतो.
इथे ओल नव्हती,
पण साउनाच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या साठएक
पापडासारख्या कडेला उचलल्या होत्या.
त्या बाजूला काढल्या, तिच्याकडे न बघता.

मग कड, मग पाठ, मग वेष्टणावर उमटलेला तो गोल वण,
मग तबकडी तिरपी धरून दिव्याखाली एक वळसा:
केस, चरा, बोटाचा ठसा, सुई घसरली ती रात्र.
मग शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीत
कारागिराने कोरलेला अंक.
अंक जुळला तर तीच गाणी, तोच गळा,
दोनाचे दोनशे.

टँगो पेट्या भरभरून. घरोघरी असतात, कुणालाच नकोत.
जॅझ सव्वीस. त्यांतल्या चार माझ्या हाताने ओळखल्या,
चेहरा मी सरळ ठेवला.
तीस वर्षं हाच चेहरा माझं पोट भरतो आहे.

आणि मग मागचं लिखाण.

प्रत्येक वेष्टणाच्या पाठीवर, खालच्या उजव्या कोपऱ्यात,
पेन्सिलीने, ठोकळेबाज अक्षरात,
तारीख आणि बाहेरचं तापमान.
९ मे ७४, अधिक अकरा.
३ जानेवारी ८१, उणे सतरा.
वाजवली त्या प्रत्येक दिवसाची नोंद. बाकी एक शब्द नाही.
असं का, मी विचारलं.
बाबा जहाजकारखान्यात लेथवर होते, ती म्हणाली,
जणू हे उत्तरच.

लिहिलेलं असलं की दर्जा एक पायरी खाली.
शाई असेल तर दोन.
पेन्सिल खोडता येते, हे मी तिला सांगितलं नाही.
मग सांगितलं.
का, ते अजून उमगलेलं नाही.
भाव चारशेने वर गेला, माझ्याच तोंडाने.

रात्री दुकानात खोडत बसलो.
मऊ रबर, एकाच दिशेने, फुंकर, पुन्हा.
दिव्याखाली तिरपं धरलं की दाबलेले आकडे
तरीही दिसत होते. गिऱ्हाईक एवढं तिरपं धरत नाही.
जॅझच्या त्या चारींवर एकेकच तारीख.
एकदा ऐकल्या, आवडल्या नसाव्यात.

तळाशी एक निघाली, पक्ष्यांच्या आवाजांची.
गाणं नाही, वाद्य नाही. हंस, कोकीळ, दलदलीतली टिटवी,
आणि मधेमधे नावं सांगणारा एक सर्दी झालेला माणूस.
किंमत एक युरो, तोही कुणी भेटला तर.
मागची बाजू गच्च भरलेली, कोपऱ्यातून वर वर चढत,
सगळे उणे. उणे चौदा, उणे बावीस,
उणे बावीस, उणे नऊ.
एकही जून नाही. एकही मे नाही.
शेवटची यंदाच्या फेब्रुवारीतली, अक्षर कापरं,
उण्याची रेघ कागदाबाहेर गेलेली.

रबर खाली ठेवलं.
उशीर झाला होता, दुसरं काही नाही.

शनिवारी एलमेरी नावाचा एक शाळकरी पोरगा
एकेक युरोच्या पेट्या चाळता चाळता ती घेऊन आला,
उलटी धरून.
म्हणाला, हे उणे बावीस वगैरे, किमती आहेत का?
मी म्हणालो, हो.
म्हणजे तुम्हीच मला द्यायचे?

हिशेबाने त्याचं बरोबर होतं.
मी गल्ला उघडला, सुटे पाहिले, बंद केला.
म्हणालो, तू एक देऊ नकोस, मी बावीस देत नाही.
फिटंफाट.